घरच्या घरी फळांचा आइस टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेली सगळी प्रमाणं एक लिटर तयार चहाची आहेत, म्हणजे बर्फासकट मोठे पाच ग्लास. चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा. जिथे पोह्याचा चमचा लागतो तिथे तसं लिहिलं आहे.

साधी, न चुकणारी कृती कोणती?

अर्धा लिटर पाणी पातेल्यात उकळा. गॅस बंद करा, बुडबुडे शांत होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा आणि मग चहापत्ती टाका. रोजची दाणेदार असेल तर ८ ग्रॅम (तीन चमचे), लांब पानाची असेल तर १० ग्रॅम (चार ते पाच चमचे). झाकण ठेवा. दाणेदारला तीन मिनिटं, पानाच्या चहाला चार. घड्याळ लावून, अंदाजाने नको. गाळणीने गाळून घ्या आणि चोथा चमच्याने दाबू नका, कारण शेवटचा जो काळा रस निघतो त्यातच सगळा तुरटपणा असतो.

चहा गरम असतानाच ६० ग्रॅम साखर (पोह्याचे पाच-सहा सपाट चमचे) विरघळवा. आता पातेलं परातीत पाणी घेऊन त्यात ठेवा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: एप्रिल-मे मध्ये आपल्या खानदेशात, जळगाव-भुसावळकडे दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही. त्या पाण्यात पातेलं ठेवून काही गार होत नाही. परातीत माठातलं पाणी घ्या आणि पाच मिनिटांनी एकदा बदला, म्हणजे पंधरा मिनिटांत चहा कोमट होतो. मग ३०० मिली गार पाणी, २०० मिली फळाचा रस किंवा साखरेत मुरवलेली २०० ग्रॅम फळं, आणि एका लिंबाचा रस घाला. फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. देताना गाळा.

फळं गरम चहातच टाकली तर चव जास्त उतरणार नाही का?

उतरते, पण शिजलेल्या फळाची. टरबूज, खरबूज, मोसंबी, आंबा यांचा वास फार नाजूक असतो. उकळत्या चहात तो वाफेबरोबर निघून जातो. शिवाय गरम पाण्यात फळातलं पेक्टिन सुटतं आणि चहा चिकट, गढूळ होतो. सालीसकट लिंबाच्या चकत्या गरम चहात टाकल्या तर दहा मिनिटांत कडवटपणा जाणवतो. म्हणून चहा आणि फळ वेगवेगळं तयार करा आणि चहा बोट बुडवल्यावर कोमट लागेल तेव्हाच एकत्र करा.

फळाचा रस काढायची सोपी रीत म्हणजे साखरेत मुरवणं. फोडी पातळ चिरा, कृतीतल्या साखरेपैकी निम्मी साखर त्यांवर भुरभुरवा आणि झाकून अर्धा तास ठेवा. साखर फोडींतलं पाणी ओढून घेते आणि खाली वाटीभर घट्ट, सुगंधी रस जमतो. तो रस आणि फोडी दोन्ही चहात जातात. उरलेली साखर तेवढी गरम चहात घाला.

उलट बोरं, आवळा, आलं आणि कैरीची वाळवलेली कापं (आमचूर) यांना गरम पाणीच लागतं. गार चहात ती नुसती तरंगत राहतात.

फ्रीजमधून काढल्यावर चहा दुधाळ, गढूळ दिसतो. खराब झाला का?

नाही. चहातलं कॅफीन आणि रंग-तुरटपणा देणारे घटक गरम पाण्यात सुटे असतात. गार होताना ते एकमेकांना धरतात आणि बारीक कण होऊन लटकतात. चहा जितका कडक आणि जितका झटकन गार केलेला, तितका जास्त गढूळ. आसामच्या कडक दाणेदार चहात हे हमखास होतं, निलगिरी डोंगरात पिकणाऱ्या पानाच्या चहात फारच कमी. आइस टीसाठी निलगिरीची शिफारस करतात ती याचमुळे.

उपाय: अर्धा कप उकळतं पाणी ओतून ढवळा, बराचसा गढूळपणा जातो. पुढच्या वेळी चहा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फ्रीजमध्ये ठेवा. लिंबाचा रस घातल्यावर चहाचा रंग फिका होतो त्याचीही काळजी नको. आंबटपणात चहाचे रंगद्रव्य फिकटच दिसतात.

वर तेलासारखा तवंग येतो तो कशाचा?

तो पाण्याचा दोष आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ज्या भांड्यात रोज पाणी तापतं त्याच्या बुडाला पांढरा थर बसत असेल तर तुमचंही तसंच समजा. पाण्यातला चुना चहातल्या घटकांशी जुळून पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. चहा काळपट दिसतो आणि चव सपाट लागते. मग लोक चहापत्ती वाढवतात आणि चहा कडू होतो. चहापत्ती बदलून पाहण्याआधी पाणी बदलून पाहा.

आरओचं किंवा जारचं पाणी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर झाकून निवू द्या आणि सकाळी तळाचं दोन बोटं पाणी सोडून वरचं निवळ अलगद ओतून घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण चहापुरता जातो. तवंग आलाच असेल तर लिंबाचे पाच-सहा थेंब त्याला विरघळवतात.

चहापत्ती कोणती घ्यावी? खास आइस टीची वेगळी असते का?

वेगळी घ्यायची गरज नाही. घरातली दाणेदार चालते, फक्त तीन मिनिटांची मर्यादा पाळा. भुकटी (डस्ट) टाळा. ती एका मिनिटात कडक होते आणि गाळणीतून खाली उतरते. वेलची-मसाल्याची तयार चहापत्ती दुधाच्या चहासाठीच राहू द्या, टरबुजाबरोबर ती विचित्र लागते. ग्रीन टी घ्यायचा असेल तर पाणी उकळल्यावर पाच मिनिटं थांबून, साधारण ८० अंशांवर, दोनच मिनिटं ठेवा. खरबूज आणि पेरू यांच्याबरोबर तो काळ्या चहापेक्षा चांगला जमतो.

रात्रभर गार पाण्यात भिजवून करतात, ती पद्धत कशी?

फ्रीज रात्रभर चालू राहणार असेल तर हीच पद्धत सर्वात उत्तम. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, १२ ग्रॅम पानाचा चहा, झाकणाची काचेची बरणी. आठ तास फ्रीजमध्ये. गार पाण्यात तुरट घटक कमी उतरतात, म्हणून चहा मऊ लागतो, गढूळ होत नाही आणि साखरही कमी पुरते. फळं शेवटच्या दोन तासांतच घाला. साखर मात्र गार चहात विरघळत नाही, तळाशी बसते. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी उकळून पाक करून ठेवा आणि ग्लासागणिक घाला. हा पाक फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो.

कडक ऊन आहेच, मग बरणी उन्हात ठेवून चहा करता येईल का?

करू नका. अंगणात ४५ अंश असताना बरणीतलं पाणी फार तर ५०-५५ अंशांपर्यंत जातं, आणि तेही हळूहळू. चहाच्या पानांवर जे जिवाणू असतात ते मरायला हे पुरत नाही, पण त्या वाटेत ३०-४५ अंशांत जे दोन-तीन तास जातात ते त्यांना वाढायला अगदी सोयीचे. त्यात साखर आणि फळ असेल तर बोलायलाच नको. पापड-कुरडयांना उन्हाचा उपयोग होतो तो त्यांतलं पाणी उडून जातं म्हणून.

आपल्याकडच्या कोणत्या फळांचा चांगला होतो?

*लिंबू* सगळ्यात सरळ. एक मध्यम लिंबू २५ ते ३० मिली रस देतं आणि एका लिटरला तेवढं पुरतं. बिया राहू देऊ नका.

*मोसंबी* पाचोरा-भडगावकडे भरपूर, पण तिची एक खोड आहे. ताजा रस गोड लागतो आणि दोन-तीन तासांनी तोच रस कडू होतो. फळ पिळल्यावर रसाच्या आंबटपणामुळे एक कडू घटक हळूहळू तयार होतो, त्याला इलाज नाही. म्हणून मोसंबीचा चहा साठवायचा नाही. चहा तयार ठेवा आणि रस ग्लासात ऐनवेळी पिळा, ग्लासाला ५० मिली. मिक्सरमध्ये मोसंबी फिरवू नका, बिया आणि पांढरी साल फुटली की पहिल्याच घोटाला कडू.

*टरबूज* घातलं की चहा पातळ होतो, कारण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ३०० ग्रॅम गर हाताने कुस्करून गाळा, वरचं ३०० मिली पाणी कमी करून १०० वर आणा आणि लिंबू घालाच, नाहीतर चव गुळमुळीत लागते. चिमूटभर सैंधव चांगलं लागतं. त्याच दिवशी संपवा.

*कैरी* आमच्या मते या चहाला सगळ्यात शोभणारं फळ. उकडलेला पन्ह्याचा गर नको, त्याने चहा घट्ट होतो. १०० ग्रॅम कैरी सोलून सोलाण्यानेच पातळ काप काढा, साखरेत अर्धा तास मुरवा, चहात दोन तास ठेवा. लिंबू घालू नका. पुदिन्याची पाच-सहा पानं हातावर चुरडून टाका. *पिका आंबा* आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) घरात येतोच. त्याचा रस न घालता घट्ट फोडी घाला.

*डाळिंब* साक्रीकडचं उत्तम मिळतं. दाणे पिशवीत घालून लाटण्याने हलके दाबा. मिक्सरला लावले तर आतली बी फुटते आणि चव लाकडासारखी तुरट होते. *जांभूळ* स्वतःच तुरट, त्यावर चहा तुरट, मिळून घसा धरतो. चहापत्ती निम्मी करा. *मेहरूणची बोरं* हिवाळ्यात: १५० ग्रॅम पिकी बोरं ठेचून चहाच्याच पाण्यात पाच मिनिटं उकळा, मग त्या पाण्यात चहा करा. *खरबूज* ग्रीन टीबरोबर, *पेरू* पिकलेला आणि बिया काढून.

आणि केळी? घरात फणीच्या फण्या पडून असतात.

रावेर-यावलच्या माणसाने हे विचारणं साहजिक आहे, पण नाही. केळ्यात रस नाही, गर आहे. तो चहात विरघळत नाही, लोंबकळत राहतो. पिकलेल्या केळ्यातला चिकटपणा गाळणी बंद करतो आणि तासाभरात सगळं तपकिरी होतं. केळ्यांचं शिकरण करा. शहादा-नंदुरबारकडच्या पपईलाही तेच उत्तर: आंबटपणा नाही, चहात ती ओशट लागते.

उन्हाळ्यात लिंबू परवडत नाही. दुसरं काय?

आमचूर. धडगाव-अक्कलकुवा भागात गावठी कैऱ्यांची वाळवलेली कापं मिळतात, ती घ्या. पूड गाळायला त्रास देते. १० ग्रॅम कापं २०० मिली उकळत्या पाण्यात वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि ते पाणी फळाच्या रसाऐवजी वापरा. रंग थोडा गडद येतो, चव भरदार. कापं काळी पडलेली किंवा धुरकट वासाची असतील तर घेऊ नका, चहाला तो वास लगेच लागतो. चिंच चालते, पण चिंचेचा चहा चहा वाटत नाही, सार वाटतं.

बर्फ टाकला की पांचट होतो. काय चुकतं?

चहा पुरता गार नसतो. हिशेब असा: ८० अंशांच्या अर्धा लिटर चहावर अर्धा किलो बर्फ ओतला तर जवळजवळ सगळा बर्फ वितळतो आणि तुमच्याकडे एक लिटर फिका चहा उरतो. तोच चहा आधी ३५ अंशांवर आणला तर पाव किलोच्या आतच बर्फ वितळतो. फ्रीजमधला चहा असेल तर बर्फ ग्लासात तसाच वाजत राहतो.

घाईच असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात चहापत्ती तेवढीच ठेवा, पण वरचं ३०० मिली गार पाणी घालू नका. ते काम बर्फच करेल. किंवा उरलेला चहा ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि तेच खडे वापरा, पांचटपणाचा प्रश्नच नाही. बाजारचा लादीचा बर्फ पेयात घालायचा असेल तर खाण्याचाच आहे ना ते विचारून घ्या. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला; निळसर लादी ग्लासात नको. तिचा उपयोग बाहेरून बरणी गार करायला होतो.

फ्रीज नाही, किंवा दुपारभर लाइट नसते. माठात ठेवला तर?

चहा थेट माठात ओतू नका. माती चहाचा रंग आणि वास पिऊन घेते आणि पुढे महिनाभर पाण्याला तो वास येतो. काचेची किंवा स्टीलची बंद बाटली ओल्या जाड फडक्यात गुंडाळून सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा, फडकं सुकू देऊ नका. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे हे छान चालतं; पावसाळ्यात चालत नाही. पण असं गार म्हणजे २५ अंशांच्या आसपास, फ्रीजसारखं नव्हे. फळं घातलेला चहा असा तीन-चार तासांच्या वर ठेवू नका. नुसता बिनसाखरेचा चहा दिवसभर ठेवता येतो, रस ऐनवेळी पिळावा.

किती दिवस टिकतो?

फ्रीजमध्ये, फळं काढून घेतली असतील तर दोन दिवस. फळं आतच असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. लाइट चार तासांहून जास्त गेली असेल तर हे आकडे विसरा. वर बारीक फेस, झाकण उघडताना फुस्स आवाज, ओतताना तार धरल्यासारखा चिकटपणा, यांतलं काहीही दिसलं तर ओतून द्या. चाखून खात्री करू नका.

गूळ किंवा मध चालेल?

मध चालतो, ४० ग्रॅम, चहा कोमट असताना. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र कशातूनही देऊ नये. गूळ कैरी, आमचूर आणि बोरं यांच्याबरोबर जमतो, मोसंबी-खरबुजाबरोबर त्याची चव फळाला झाकून टाकते. गूळ वेगळा विरघळवून गाळूनच घ्या, रेती हमखास असते.

जास्त वेळ राहिला, कडू झाला. वाचवता येईल का?

साखर ओतून नाही. आधी पाव लिटर गार पाणी घाला, मग चिमटीभर मीठ. मीठ कडूपणा दाबतं. डाळिंबाचा किंवा टरबुजाचा रस वाढवा. चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा सल्लाही मिळेल, पण त्याने चहा काळा पडतो आणि लिंबाचा आंबटपणाही मरतो.

घरी कार्यक्रम आहे, ५० जणांसाठी किती लागेल?

ग्लासाला १६० मिली आणि वर बर्फ धरला तर ८ लिटर. त्यासाठी दाणेदार चहापत्ती ६५ ग्रॅम, साखर अर्धा किलो, फळं दीड किलो, लिंबं आठ, बर्फ पाच किलो. चहा चार लिटर पाण्यात करायचा, पण दोन पातेल्यांत. मोठं पातेलं एकट्याला उचलून वेळेत गाळता येत नाही आणि तेवढ्यात तीन मिनिटांची सात होतात. चहापत्ती मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी करून सोडा, वेळ झाली की पुरचुंडी उचलली की काम झालं. अॅल्युमिनियमचं डेग किंवा कल्हई गेलेलं पितळी पातेलं वापरू नका, आंबट पदार्थाने त्याची चव उतरते. स्टीलचा पाण्याचा कॅन बरा. फळं कॅनमध्ये टाकू नका, तोटी अडकते. फोडी ग्लासात घाला.

लहान मुलं, गरोदर बाई, अशक्तपणा असलेल्यांनी प्यावा का?

वरच्या प्रमाणात एका ग्लासात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन येतं. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, त्यात घरचा दुधाचा चहाही मोजायचा. रक्त कमी असेल तर जेवणाबरोबर नको. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, जेवणानंतर तासभर थांबा. मुलांसाठी चहापत्तीऐवजी लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं १० ग्रॅम उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. रंग डाळिंबासारखा येतो, आंबटपणा आयता मिळतो, कॅफीन अजिबात नाही. ऊन लागलेल्या माणसाला मात्र आइस टी देत बसू नका. शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी द्या आणि दवाखाना गाठा.

हे अमेरिकन खूळ आपल्याकडे कुठून आलं?

१९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाच्या प्रचाराला गेलेल्या रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी उकाड्यात गरम चहा कुणी पीत नाही म्हणून तो बर्फावर गार करून दिला आणि तो गाजला, असं सांगतात. शोध त्यांचा नव्हे, थंड चहा तिकडे आधीही प्यायचे. पण चहा आपलाच होता.

गाळून उरलेल्या फोडींचं काय करायचं?

कैरीचे काप त्याच दिवशी तिखट-मीठ लावून जेवणात घ्या, चहात मुरल्याने ते मऊ आणि किंचित तुरट झालेले असतात. डाळिंबाचा आणि टरबुजाचा चोथा गाईपुढे टाका. चहापत्तीचा चोथा धुऊनच कुंडीत घाला, साखर लागलेली असेल तर मुंग्या लागतात.